रोज पन्नास गणितं, तरी अपूर्णांक चुकतातच

“पाचवीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी मिळायचे. सहावीत घसरण सुरू झाली आणि आता सातवीत गणिताचं पुस्तक उघडलं की डोळ्यांत पाणी. रोज सराव घेतो आम्ही. तरी अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर आलं की अडतेच. हिच्या डोक्यात काही कमी तर नाही ना?”

थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. शेवटचं वाक्य तर बहुतेक पालक मूल शेजारच्या खुर्चीत बसलेलं असतानाच बोलतात.

इथे एका सातवीतल्या मुलीबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, चुका मात्र जशाच्या तशा आहेत. तिला घेऊन तिचे वडील आले होते. ते स्वतः गणितात पक्के, नोकरीही आकडेमोडीची. सोबत एक जाडजूड फाइल होती. त्यांनी हाताने तयार केलेल्या सरावपत्रिका, प्रत्येकीवर तारीख, गुण आणि लागलेला वेळ. वेळ मिनिट-सेकंदांत.

वडिलांनी कुठेतरी वाचलं होतं, की दहाव्या वर्षी मुलाला अपूर्णांक आणि भागाकार किती समजतात यावरून त्याचं हायस्कूलमधलं गणित कसं असेल याचा अंदाज येतो. असा अभ्यास खरोखरच झालेला आहे. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांची माहिती घेऊन केलेला हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि बुद्धिमत्ता व घरची आर्थिक स्थिती हिशेबात धरल्यावरही तो संबंध टिकला होता. पण असा निष्कर्ष मुलांच्या मोठ्या गटाबद्दल असतो, त्यावरून एका मुलीची पत्रिका मांडता येत नाही. वडिलांनी त्यातून एवढंच घेतलं की वेळ हातातून निसटतेय. रोजची वीस गणितं त्यांनी पन्नासवर नेली.

मी गुण पाहिले नाहीत, नुसत्या लाल फुल्या पाहत गेले. १/३ + १/४ = २/७. ०.३५ हा ०.५ पेक्षा मोठा. ६ ÷ १/२ = ३. पान उलटलं की पुन्हा तेच. “बघा ना, निव्वळ निष्काळजीपणा,” वडील म्हणाले. मला तसं वाटलं नाही. निष्काळजी मूल आज इथे चुकतं, उद्या तिथे. ही मुलगी दर वेळी एकाच जागी, एकाच पद्धतीने चुकत होती, म्हणजे तिच्याजवळ नियम होता आणि तो ती इमानेइतबारे पाळत होती. पूर्ण संख्यांशी पाच वर्षं खेळून मुलं काही गोष्टी मनाशी पक्क्या करतात: जास्त अंकांची संख्या मोठी, गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं, बेरीज करायची तर समोर दिसतील ते आकडे मिळवायचे. पाचवीपर्यंत यातलं काहीच फारसं दगा देत नाही. पैकीच्या पैकी गुण त्याच जोरावर मिळालेले असतात.

वडिलांना बाहेर बसायला सांगितलं आणि मुलीला विचारलं, “१/३ आणि २/७, यात मोठा कोणता?”

तिने लगेच छेद समान करायला घेतले. म्हटलं, आकडेमोड नको, नुसतं सांग. ती गोंधळली. मग एक लांब रेघ ओढली, एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १. १/३ कुठे येईल? तिने बरोबर खूण केली. २/७ ला पेन्सिल हवेत राहिली. बराच वेळ गेला. (अशा वेळी गप्प बसणं हा माझ्या कामातला सगळ्यात कठीण भाग आहे.) मग ती म्हणाली, “१/३ म्हणजे २/६. सातवे भाग सहाव्या भागांपेक्षा बारीक. म्हणजे २/७ लहान.” आणि स्वतःच्याच वहीकडे बघत, “म्हणजे मी १/३ मध्ये अजून मिळवलं आणि कमी झालं?”

ही फुली त्या फाइलमध्ये कितीतरी वेळा होती. दर वेळी शेजारी लाल शाईत ७/१२ हे बरोबर उत्तर लिहिलेलं होतं, आणि तिने ते खाली पुन्हा उतरवून काढलं होतं. उत्तर अशक्य का आहे, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

अपूर्णांकाची मांडणीच अशी आहे, की डोळ्यांना एक संख्या दिसण्याऐवजी वर एक आणि खाली एक अशा दोन दिसतात. ब्रह्मगुप्तांच्या काळी, सातव्या शतकात, आपल्याकडे अंश वर आणि छेद खाली लिहीत, मधली रेघ नसे; ती नंतर अरब गणितींनी आणली. रेघ आली म्हणून दोन आकडे दिसायचे थांबले नाहीत. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं फक्त जवळपासचं उत्तर निवडायला सांगितलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ, म्हणून उत्तर २ च्या आसपास. ते निवडणारी मुलं निघाली २४ टक्के. १९ किंवा २१ निवडणारी निम्म्याहून अधिक होती. हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

दशांश अपूर्णांकांचं प्रकरण जास्त फसवं होतं. तिथे तिला चांगले गुण होते. ३.४५ मोठा की ३.५४? बरोबर. ०.२७ की ०.७२? बरोबर. वडिलांच्या पत्रिकेतल्या जवळजवळ सगळ्या जोड्यांमध्ये दशांशचिन्हापुढे दोन-दोनच अंक होते. अशा जोड्यांत चिन्ह झाकून ३४५ आणि ३५४ ची तुलना केली तरी उत्तर बरोबरच येतं. मी ०.३५ आणि ०.५ दिले आणि ती कोसळली, कारण ३५ पाचापेक्षा मोठे. काही मुलांचा नियम नेमका उलटा असतो. शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, असं त्यांनी धरलेलं असतं. ही मुलं ०.३५ आणि ०.५ मध्ये बरोबर उत्तर देतात आणि ०.३ विरुद्ध ०.५७ आलं की चुकतात. म्हणून मी दोन्ही प्रकारच्या जोड्या देते, आणि शिवाय ०.४ आणि ०.४० ही जोडी, ज्यात मोठं कुणीच नाही. एवढ्या तीन जोड्यांत जे कळतं ते पन्नास सारख्या गणितांत कळत नाही.

यात वेळेची लिहिण्याची पद्धत आणखी घोळ घालते. १ तास ३० मिनिटं आपण बिनधास्त १.३० असं लिहितो. मग १.५ तास म्हणजे किती, तर मुलगी म्हणाली, एक तास पन्नास मिनिटं. “दीड तास म्हणजे?” “एक तास तीस मिनिटं.” “आणि एक पूर्णांक पाच दशांश?” ती हसली. दीड, अडीच, पाऊण हे सगळं तिला तोंडी येत होतं, कागदावरच्या १.५ शी त्याची गाठ पडलेली नव्हती.

भागाकार पटकन सुटला. “उलटं करून गुणायचं” हे तिला पाठ होतं. दोनपैकी कुणाला उलटं करायचं हे दर वेळी नशिबावर. ६ मध्ये अर्धे किती, असं विचारल्यावर बारा हे उत्तर तिने श्वासाच्या आत दिलं. त्यानंतर काही दिवस मी तिला एकच प्रकार देत होते: सोडवू नकोस, फक्त सांग, २४ ÷ ०.८ हे २४ पेक्षा जास्त येईल की कमी? २४ × ०.८?

गुणोत्तरात अडचण निराळी होती. ४ सेंमी रुंद आणि ६ सेंमी उंच चित्र मोठं करायचंय, रुंदी ८ केली तर उंची किती? ती म्हणाली १०. चाराचे आठ झाले म्हणजे चार वाढले, म्हणून सहाचे दहा. बेरजेने विचार करायची सवय इतकी मुरलेली असते की ‘पट’ सुचतच नाही. हे मी समजावून सांगत बसत नाही. दोन्ही आयत काढायला लावले, आणि आतलं चित्र १० उंचीत कसं बसेल ते बघ म्हटलं. चित्रातला चेहरा बसका झाला, हे तिला काढताकाढताच दिसलं. १२ तिनेच लिहिलं.

पुढच्या भेटीला वडील आत होते. त्यांची तक्रार होती की एवढं सगळं कशाला, तिरकस गुणाकार आला की गुणोत्तराची सगळी गणितं सुटतात. मी दोघांना एक गणित घातलं. दोन मुली मैदानाला फेऱ्या मारतायत, वेग अगदी सारखा, पण एक आधी निघाली. तिच्या ९ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या ३ झाल्या होत्या. दुसरीच्या १५ होतील तेव्हा पहिलीच्या किती?

“पंचेचाळीस,” वडील म्हणाले. वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. “पण बाबा, वेग सारखाच आहे ना? मग पहिली कायम सहानेच पुढे राहणार. एकवीस.”

वडिलांना वाईट वाटू नये म्हणून लगेच सांगितलं, की १९९३ च्या एका अभ्यासलेखात याच गणिताची नोंद आहे, आणि शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या ३३ जणांपैकी ३२ जणांनी ४५ च उत्तर दिलं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांचं वाईट वाटणं थोडं उपयोगी पडलं. घरी जाताना त्यांनी घड्याळ लावून गणितं सोडवून घेणं बंद करायचं स्वतःहून कबूल केलं. भीतीने ताठरलेलं मूल वेग वाढवण्यासाठी विचार गाळतं, आणि अपूर्णांकात तर गाळायला विचारच असतो.

घरच्या सरावाचं मग आम्ही असं ठरवलं. पन्नासऐवजी आठ-दहा गणितं, आणि ती मिसळलेली: एक बेरजेचं, एक दशांशाच्या तुलनेचं, एक गुणोत्तराचं, एखादं गुणोत्तरासारखं दिसणारं पण नसलेलं. एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवताना पहिल्या दोनांनंतर रीत शोधावी लागत नाही, हातच चालतो. परीक्षेत मात्र कुठली रीत लावायची इथपासूनच सुरुवात असते. फ्लोरिडात सातवीच्या ५४ वर्गांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिसळून सराव केलेल्या मुलांना महिन्याभराने अचानक घेतलेल्या चाचणीत सरासरी ६१ टक्के गुण मिळाले, एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांना ३८. मिसळलेला सराव करताना जास्त चुका होतात आणि मूल मागे पडल्यासारखं दिसतं, हे मी वडिलांना आधीच बजावून ठेवलं. बजावलं नसतं तर चौथ्या दिवशी जुनी फाइल उघडली असती.

दुसरं, प्रत्येक गणिताच्या आधी समासात अंदाज लिहायचा. एकापेक्षा जास्त की कमी, अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर दोन्हीपैकी काय चुकलं ते तिनेच शोधायचं. आणि वडिलांनी उत्तर बरोबर आलं तरीसुद्धा “कसं ठरवलंस?” विचारायचं. फक्त चुकल्यावर विचारलं की तो प्रश्न मुलाला फुलीसारखाच लागतो.

डिस्कॅल्क्युलियाबद्दलही, म्हणजे संख्या आणि आकडेमोड समजायला मुळातच अडचण येण्याबद्दल, वडिलांनी विचारलं होतं, आणि हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ३ ते ७ टक्के मुलांमध्ये तो आढळतो. पण त्याच्या खुणा सहसा लहानपणापासूनच दिसू लागतात: छोट्या संख्यांतही लहान-मोठं पटकन न कळणं, साध्या बेरजांना वरच्या वर्गातही बोटं लागणं, नीट मदत मिळूनही सहा महिन्यांत फारसा फरक न पडणं. असं असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावीच, त्यात कमीपणा नाही. पाचवीपर्यंत सहज चाललेलं मूल नेमकं अपूर्णांकापाशी अडत असेल, तर मी आधी वही मागते.

क्लास बदलण्याचा प्रश्नही निघाला होता. नव्या क्लासमध्ये आणखी पन्नास गणितं मिळतील, एवढंच त्यावर माझं म्हणणं.

काही महिन्यांत तिचं रडणं थांबलं. गुण हळूहळू, रडतखडत वर आले, पैकीच्या पैकी काही नाही. बेरीज आणि दशांश आता सहसा चुकत नाहीत. २:३ या मिश्रणात पहिला घटक एकूणच्या २/३ नसून २/५ असतो, हे ती विसरते आणि अंदाज लिहिताना तिला आठवतं. दराची गणितं अजून कच्ची आहेत. जाताना ताशी १० किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना १५, तर सरासरी वेग? ती साडेबारा म्हणते. अंतर ३० धरलं की जायला तीन तास, यायला दोन, साठ भागिले पाच, म्हणजे बारा. हे तिला पटलेलं आहे, तरी घाईत साडेबाराच येतं. अशी किती गणितं घालू, असं वडिलांनी फोनवर विचारलं. दोन, म्हटलं. आणि त्यातलं एक असं घाला, की तास-तासभर दोन्ही वेगांनी जायचंय आणि उत्तर खरोखरच साडेबारा येतं.