किती वाजता, ते आधी सांग

अरे बाळा,

तुझा मेसेज रात्री एक चाळीसला आला, ब्लॉटचे, म्हणजे कुठलं प्रोटीन किती ते पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीचे, तीन फोटो आणि खाली एकच ओळ, "मॅडम, माझे हातच खराब आहेत का?" मी झोपले होते. सकाळी चहा घेताना फोटो मोठे करून बघितले आणि लक्षात आलं की याचं उत्तर व्हॉट्सअॅपवर दोन ओळीत होणार नाही, म्हणून हे पत्र.

हात खराब नाहीत. तुलनेला धरलेल्या ट्युब्युलिन प्रोटीनच्या पट्ट्या सगळ्या लेनमध्ये सारख्या आहेत, लोडिंग नीट झालंय, तो विषय इथेच संपला. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. तिन्ही फोटोंवर औषधाचं नाव आहे, डोस आहे, तारीख आहे, तुझी सही पण आहे, आणि पेशींना रसायनाने स्ट्रेस दिल्यावर इस्रिब हे औषध किती तासांनी दिलं आणि पेशी कधी उचलल्या हे कुठेच नाही. विचारलं तर म्हणतोस, "एकदा सोबतच दिलं होतं, दुसऱ्या वेळी रात्री जेवून आल्यावर." जेवून आल्यावर! मेसमध्ये त्या दिवशी गर्दी होती का नव्हती यावर पेशींचं मरण ठरवायचं का आपण?

तुझा गोंधळ मला कळतोय. पहिल्यांदा पेशी जास्त मेल्या, दुसऱ्यांदा वाचल्या, आणि तू ठरवलंस की दोन्हीपैकी एक प्रयोग चुकला. मला तर दोन्ही बरोबर वाटतायत. तू एकाच प्रश्नाची दोन उत्तरं मिळाली म्हणून रडतोयस, पण प्रश्न दोन होते.

घरात मोरी तुंबली की आपण आधी काय करतो, नळ बंद. ईआरमध्ये, म्हणजे पेशीत प्रोटीनांची घडी बसते त्या जागेत, न घडी बसलेली प्रोटीनं साचली की पेशी तेच करते, पर्क नावाचं पहारेकरी प्रोटीन जागं होतं, प्रोटीन बनवणं सुरू करणाऱ्या इआयएफ२-अल्फावर फॉस्फेट बसतो आणि नवीन प्रोटीन बनवणं जवळजवळ थांबतं. हा आजार नाही, हा शहाणपणा आहे, हे आधी डोक्यात बसव, कारण तुझ्या थीसिसच्या पहिल्या पानावर तू "हानिकारक स्ट्रेस रिस्पॉन्स" असं लिहून ठेवलंयस आणि ते वाचून मला राग आला. आता मोरी उपसायच्या आधीच कोणी नळ सोडला तर घरभर पाणी. इस्रिब हेच करतं, फॉस्फेट बसलेला असताना सुद्धा नळ सोडतं. तू ते स्ट्रेस देणाऱ्या थॅप्सिगार्गिनसोबत शून्य तासाला दिलंस, म्हणजे तुंबलेल्या ईआरमध्ये आणखी माल ओतलास, मग पेशी मरणार नाहीत तर काय. चॉपला सगळे खुनी जीन म्हणतात ना, पण २०१३ चं ते काम आठव, नळ बंद असताना जागं होणारं एटीएफ४ आणि चॉप मिळून प्रोटीन बनवणं वाढवतात, त्याने ऑक्सिडेटिव्ह ताण येतो आणि पेशी मरते. म्हणजे खून कसला, साफसफाईच्या आधी कारखाना सुरू केला.

पण नळ दोन दिवस बंदच राहिला तर? मग मोरी स्वच्छ आणि घर उपाशी. न्यूरॉनचं तर फारच वाईट, कारण सायनॅप्सला, म्हणजे दोन न्यूरॉन जोडणाऱ्या जागेला, प्रोटीनं सतत लागतात. लेस्टरला जिओव्हाना मलुची यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रायॉनचा, म्हणजे चुकीची घडी बसलेलं प्रोटीन मेंदूत पसरतं तो, आजार झालेल्या उंदरांत हे आठवडा-आठवडा बघितलं. प्रायॉन साचत गेलं, फॉस्फेट वाढत गेला, आणि नवव्या आठवड्यात सायनॅप्सची प्रोटीनं एकदम खाली आली. त्यानंतर न्यूरॉन मरायला लागले. त्यांनी फॉस्फेट काढायला लावणारं गॅड३४ हे प्रोटीन वाढवून नळ परत सोडला तर न्यूरॉन वाचले. पुढच्याच वर्षी पर्क अडवणारं औषध तोंडावाटे दिलं, मेंदू वाचला, पण उंदरांचं वजन उतरलं, रक्तातली साखर वाढली, कारण स्वादुपिंडाला हाच नळ रोज बंद-चालू करावा लागतो. एकच नळ बघ. कुठे आणि किती वाजता फिरवला यावर सगळं.

आणि तू नुसती वेळच नाही, स्ट्रेसही बदललास आणि मला पाचव्या मेसेजमध्ये सहज सांगितलंस. थॅप्सी कॅल्शियमचा पंप बंद करतं, मिनिटांत परिणाम दिसतो. ट्युनिकामायसिन साखरेच्या साखळ्या लावणं थांबवतं, म्हणजे आधी नवीन प्रोटीन बनायला पाहिजे, मग ते साखळीशिवाय ईआरमध्ये अडकणार, मग कुठे बोंब. थॅप्सीचे दोन तास आणि ट्युनिकाचे दोन तास हे एकच दोन तास नाहीत. भिंतीवरचं घड्याळ वेगळं आणि पेशीचं वेगळं. किती वाजता, हे पेशीच्या घड्याळात सांग.

तुला वाटेल म्हातारी एकाच गोष्टीवर अडून बसलीये. बसलीये, आणि का ते सांगते, हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

२००६ ची गोष्ट. माझी पहिलीच ग्रँट होती, एक खोली, एक इन्क्युबेटर. त्याच्या आदल्या वर्षी सालुब्रिनल नावाचा रेणू आला होता, फॉस्फेट टिकवून धरणारा, म्हणजे नळ बंदच ठेवणारा, आणि त्याने ईआर स्ट्रेसमधल्या पेशी वाचतात असं सायन्समध्ये छापून आलं होतं. आम्ही पण केलं. २४ तासाला झकास, पेशी वाचलेल्या. ४८ ला जेमतेम. ७२ तासांची प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली तर औषध दिलेल्या खान्यांत पेशी सुटून तरंगतायत आणि औषध न दिलेल्या त्याहून बऱ्या. मला अजून ते दिसतं, गोल गोल, चकाकणाऱ्या, तळ सोडलेल्या. मी वहीत लिहिलं, "७२ तास, लोडशेडिंग, बाद." कारण तो गुरुवार होता, लाइट चार तास नव्हती, पुण्यात तेव्हा गुरुवार म्हणजे काय ते तुझ्या आईला विचार. प्लेट टाकून दिली. पेपर २४ तासांवर गेला, एका खांबाचा आलेख, छान दिसत होता.

मग २०१२ मध्ये तो प्रायॉनचा पेपर वाचला. त्यात सालुब्रिनल दिलेले उंदीर लवकर मेले. मी खुर्चीत बसून राहिले बराच वेळ.

आता लगेच असं समजू नकोस की मला ते सहा वर्षं आधी कळलं होतं आणि मी दडवलं. माझ्या पेशी म्हणजे त्या उंदरांचा मेंदू नव्हे. लाइट खरंच गेली होती. जनरेटरच्या डिझेलचे पैसे मी स्वतःच्या पगारातून दिलेत दोनदा. मूल चार वर्षांचं होतं, अहवालाची तारीख डोक्यावर होती, आणि लाइट गेली तर इन्क्युबेटरमधल्या सगळ्याच खान्यांची गेली ना, मग कंट्रोल बऱ्या आणि औषधवाल्याच का मेल्या, हा प्रश्न कुठल्याही शेंबड्या पोराला पडला असता, मलाही पडला होता, मी तो पुढे ढकलला. परत केला नाही तो प्रयोग. एवढंच म्हणणं आहे माझं. चूक निघाली असती किंवा बरोबर निघाला असता, पण केला नाही. आणि गंमत म्हणजे २००९ मध्ये एएलएसच्या, म्हणजे स्नायू हलवणारे न्यूरॉन मरतात त्या आजाराच्या, उंदरांत सालुब्रिनलने आजार लांबवलाय. त्यामुळे ते औषध चांगलं की वाईट असं मला विचारायचंच नाही. किती वाजता, कुठल्या पेशीत, ते सांग, मग बोलू.

तू म्हणालास की गाईड सरांना एकच बार ग्राफ हवाय. त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. फक्त एक पेपर त्यांच्या टेबलावर ठेव. हंटिंग्टन आजारात मेलेल्या मेंदूचे काप बघितले की न्यूरॉनमध्ये हंटिंग्टिन प्रोटीनचे गोळे दिसतात, आणि वर्षानुवर्षं लोक म्हणत आले की गोळे आहेत, पेशी मेल्या आहेत, म्हणजे गोळ्यांनी मारल्या. मग २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला स्टीव्हन फिंकबायनर यांच्या प्रयोगशाळेत एक मायक्रोस्कोप बनवला जो आपोआप परत परत त्याच न्यूरॉनकडे जाऊन फोटो काढायचा, दिवसेंदिवस, तोच न्यूरॉन, कधी गोळा बनला, कधी मेला. आणि मग एलआयसीवाले आयुष्यमानाचा हिशोब करतात तसल्या गणिताने जोखीम काढली. निघालं उलटंच. गोळा बनवलेले न्यूरॉन जास्त टिकत होते, बरेच तर गोळा न बनवताच मेले. गोळा म्हणजे कचरा एका कोपऱ्यात सारून ठेवणं होतं. शेवटचा एकच फोटो बघणाऱ्याला हे जन्मात कळलं नसतं. अग्निशमनवाले प्रत्येक आगीजवळ दिसतात म्हणून आग तेच लावतात असं म्हणण्यातला प्रकार.

हे नुसतं वहीतलं नाहीये, याच्यात माणसं अडकलीयेत. एएलएसवर ईआर आणि मायटोकॉन्ड्रियाचा ताण कमी करायचा म्हणून दोन रसायनांचं मिश्रण आलं, १३७ जणांच्या चाचणीवर २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, २०२४ मध्ये ६६४ जणांच्या मोठ्या चाचणीत काही फरक दिसला नाही आणि बाजारातून मागे घेतलं. तुझ्या इस्रिबच्याच वाटेवरचं औषध डीएनएल३४३, त्याची एएलएसवरची चाचणी २०२५ च्या जानेवारीत अपयशी ठरली. तू ती बातमी पाठवून विचारलंस, "मग मी हे का करतोय?" रेणू चुकला का पेशंटपर्यंत पोचेपर्यंत उशीर झाला होता, हे त्या निकालावरून एकट्याने सांगता येत नाही, आणि म्हणूनच करतोयस.

आमचे एक काका होते. एका मे महिन्यात देवगडची पेटी उघडली, सगळं घर घमघमलं, आणि काका फोड तोंडात घालून म्हणाले, यंदा आंब्याला वासच नाही. आम्ही हसलो. पुढच्या वर्षी पण तेच म्हणाले. उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला त्याला त्यानंतर सात वर्षं लागली, आणि डॉक्टरांनी पार्किन्सन हा शब्द वापरला त्या दिवशी आम्ही आजार "सुरू झाला" असं नातेवाइकांना फोन करून सांगितलं. वास जाणं हे हात थरथरायच्या कितीतरी आधी येऊ शकतं हे मी स्वतः मुलांना शिकवत होते रे तेव्हा. आणि आपण मात्र चाचणी सुरू करतो ती थरथर दिसल्यावर.

असो. आता कामाचं.

तुझ्या एसएच-एसवाय५वाय पेशींना न्यूरॉन म्हणणं बंद कर. त्या १९७० मध्ये न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग झालेल्या चार वर्षांच्या एका मुलीच्या अस्थिमज्जेतून आलेल्या आहेत आणि अजून दुपटीने वाढतायत, एकीच्या दोन होताना कचरा दोघींत वाटून घेतात. खऱ्या न्यूरॉनला ती सोय नाही. त्यांच्यावर घड्याळ लाव, पण शेवटी उंदराच्या पिल्लाच्या प्रायमरी न्यूरॉनवर तेच घड्याळ परत लावावं लागेल आणि तिथे तास सगळे बदलतील, तेव्हा मला एक चाळीसला फोटो पाठवू नकोस.

एकच स्ट्रेस घे. थॅप्सी घे. शून्य, अर्धा, एक, दोन, चार, आठ, सोळा, चोवीस, अठ्ठेचाळीस. हो, रात्री लॅबमध्ये झोपावं लागेल. प्रत्येक वेळेला इआयएफ२-अल्फा फॉस्फो (फॉस्फेट बसलेलं) आणि टोटल दोन्ही, एटीएफ४, चॉप, आणि प्युरोमायसिन घालून प्रोटीन खरंच बनतंय का ते. हे हातात आल्यावरच इस्रिब, आणि ते पण चार वेगवेगळ्या वेळांना. आणि ज्या लेनकडे बघून पोटात गोळा येईल ती आधी परत चालव. मी "बाद" लिहिलेली वही अजून माझ्याकडे आहे, हवी असेल तर देते.

सोळा तासांच्या ज्या उरलेल्या ट्यूब तू टाकणार होतास त्या मायनस ८० ला ठेव आणि झाकणावर वेळ लिही, पेन्सिलने नाही, मार्करने. थॅप्सीला हात लावताना ग्लोव्हज दोन घाल, कातडीला जळजळ होते आणि ते चांगलं रसायन नाही. शनिवारी दुपारनंतर घरी असते मी, वही घेऊन ये. जेवून येऊ नकोस.

तुझी,
मॅडम