मुलांसोबत मेक्सिकन पद्धतीची पत्र्याची लटकनं घरी करता येतील का?

हो, नक्की. मेक्सिकोत, विशेषतः ओहाका राज्यात, कारागीर टिनच्या पत्र्यावर हातोडी-छिन्नीने नक्षी उठवतात. घरी मात्र ॲल्युमिनियम फॉइलच्या जाडसर ट्रेचा सपाट तळ घ्या. कापायचं काम मोठ्यांनीच करा, कडा ब्लेडसारख्या लागतात. टोकं गोल ठेवा. खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवून मुलांना शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा दाबू द्या. ज्वाळा निघणारं हृदय, सूर्य, पक्षी हे तिथले आवडते आकार. पत्रा उलटला की रेघा उठून दिसतात, मुलं तिथेच खूश होतात! रंगवायला परमनंट मार्करच वापरा. ॲक्रिलिक रंगाखाली धातू झाकला जातो, मार्करमधून मात्र चमकतो, आणि खरी मजा त्या चमकेतच आहे. वर भोक पाडून दोरा ओवा.