रजिस्ट्री झाली का? अमेरिकेतल्या घराच्या डीडबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी क्लोजिंगबद्दल, म्हणजे घरखरेदीच्या शेवटच्या सह्या आणि पैशांच्या व्यवहाराबद्दल लिहिलं आणि इतके मेसेज आले की एकेकाला उत्तर देणं शक्यच नव्हतं, म्हणून डीडबद्दल, म्हणजे घराची मालकी देणाऱ्या कागदाबद्दल, पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतेय. मी टायटल सर्चचं, म्हणजे घराच्या मालकीच्या नोंदी तपासण्याचं काम करते, वकील नाही, तेव्हा सही करण्याआधी तुमच्या राज्यातल्या वकिलाला एकदा दाखवाच.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला घर घेतलं. सात आठवडे झाले, राहायलाही आलो, पण डीड अजून हातात नाही. पुण्याहून सासरे रोज विचारतात, रजिस्ट्री झाली का? घर आमचं झालंय ना?

उत्तर : झालंय. विकणाऱ्याने डीडवर सही करून ती तुमच्यासाठी सोपवली तेव्हाच तुमच्या दोघांतला व्यवहार पुरा झाला. सासऱ्यांचा प्रश्न त्यांच्या जागी बरोबर आहे, आपल्याकडे खरेदीखत सब-रजिस्ट्रारकडे नोंदवल्याशिवाय मालकीच येत नाही, इथे मात्र काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नोंद असते ती बाकीच्या जगाला कळावं म्हणून. पण म्हणून ती राहिली तरी चालेल असं अजिबात समजू नका. समजा तुमची डीड कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिली, त्याच माणसाने तेच घर तिसऱ्याला विकलं, त्या तिसऱ्याला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही आणि त्याने पैसे मोजून आपली डीड तुमच्या आधी रेकॉर्ड केली, तर न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे त्याचा हक्क तुमच्या पुढे जातो. तेव्हा आजच मिडलसेक्स काउंटी क्लर्कच्या साइटवर आपलं आडनाव टाकून शोधा. नोंद दिसली तर नंबर लिहून ठेवा आणि सासऱ्यांना निवांत झोपायला सांगा. नाही दिसली तर टायटल कंपनीला (मालकी तपासून क्लोजिंग करून देणाऱ्या कंपनीला) फोन आणि ईमेल दोन्ही करा. मूळ कागद पोस्टाने उशिरा आला तरी बिघडत नाही, एकदा नोंद झाली की कागद हरवला तरी घर जात नाही.

आणि हो, सरकारी वाटेल असं एक पत्र येण्याची शक्यता आहे, डीडची कॉपी हवी तर शंभरेक डॉलर पाठवा म्हणून. पाठवू नका. तीच कॉपी काउंटीत थोड्या पैशांत मिळते.

प्रश्न : डीडवर माझं आडनावच नाहीये, त्या जागी वडिलांचं नाव छापलंय. रिफायनान्सला (जुनं गृहकर्ज फेडून नवं घ्यायला) अडचण येईल का?

उत्तर : येईल. आपल्या लोकांमध्ये ही चूक मी सगळ्यात जास्त बघते. पासपोर्टवर तीन नावं असतात, टाइप करणाऱ्याला मधलं कुठलं आणि शेवटचं कुठलं कळत नाही. आणि काउंटीत कोणी ते तपासत नाही. तिथला क्लर्क बघतो सही, नोटरी, फी, पानाचं मार्जिन, सोबतचे फॉर्म. डीड खरी आहे का, नाव बरोबर आहे का, हे बघणं त्याचं कामच नाही. बहुतेक काउंट्यांत इंडेक्स असतं देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने, सातबारासारखं गट नंबर घातला की सगळं समोर असं नसतं, त्यामुळे आडनाव चुकलं की डीड जवळजवळ लपल्यासारखीच होते. एका जोडप्याची डीड मला दोन दिवस सापडत नव्हती, शेवटी नवऱ्याच्या वडिलांच्या नावाखाली मिळाली.

पेनाने दुरुस्ती करून उपयोग नाही. करेक्शन डीड करून ती पुन्हा रेकॉर्ड करावी लागते, काही राज्यांत टायपिंगची चूक असेल तर अॅफिडेव्हिटवरही भागतं. चूक टायटल कंपनीची असेल तर दुरुस्ती त्यांनी त्यांच्या खर्चाने करावी असं ठामपणे मागा. आणि ज्यांचं क्लोजिंग अजून व्हायचंय त्यांनी आदल्या दिवशी डीडचा ड्राफ्ट मागून पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, ती दहा मिनिटं वाचवू नका.

प्रश्न : सॅन होजेचं घर लग्नाआधी एकट्याच्या नावावर घेतलं. आता बायकोचं नाव घालायचंय. मित्र म्हणतो क्विटक्लेम डीड एक पानाची असते, घरीच भरून टाक.

उत्तर : एक पानाची असते, म्हणूनच लोक फसतात. क्विटक्लेम म्हणजे आपला जो काही हक्क असेल तो दुसऱ्याला देऊन टाकणारी डीड. कागदपत्रं सोपी आहेत: नोटरी, सांता क्लारा काउंटीत रेकॉर्डिंग आणि सोबत मालकी बदलाचा पीकॉर नावाचा फॉर्म, तो नसेल तर २० डॉलर जास्त. पैसे घेतलेले नाहीत म्हणून ट्रान्सफर टॅक्स नाही, पण ते कारण डीडवर लिहावं लागतं. नवरा-बायकोत बदल झाला म्हणून प्रॉपर्टी टॅक्ससाठी घराची नव्याने आकारणीही होत नाही.

पण लोन तुमच्या एकट्याच्याच नावावर राहतं, डीडवर नाव आलं म्हणून लोनवर येत नाही. बायकोचं नाव घातलं म्हणून बँक सगळं कर्ज एकदम मागू शकत नाही, १९८२ च्या फेडरल कायद्यात तेवढं संरक्षण आहे. टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीत काही दोष निघाला तर त्यासाठीचा विमा, पुढे चालू राहील का हे मात्र आधी लेखी विचारा. आणि पूर्ण घरच तिच्या नावावर करायचा विचार असेल तर थांबा. सिटिझन जोडीदाराला कितीही दिलं तरी गिफ्ट टॅक्स नाही, पण ती सिटिझन नसेल, ग्रीन कार्ड असलं तरी, तर वर्षाला मर्यादा आहे, २०२५ साली ती १,९०,००० डॉलर होती. बे एरियातलं घर त्यात कुठे बसतंय? सीपीएशी (इथल्या सीएशी) बोलल्याशिवाय सही करू नका, कारण घर परत घ्यायला तिचीच सही लागते.

प्रश्न : दादा सहमालक आहे आणि कोल्हापूरला असतो. विक्रीच्या डीडवर सहीसाठी त्याला इकडे यावं लागेल का?

उत्तर : नाही. मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट घेऊन नोटरी होते, एका शिक्क्याला ५० डॉलर. दुसरा रस्ता म्हणजे तिकडचा नोटरी आणि त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मिळणारा सरकारी शिक्का, भारत त्या करारात २००५ पासून आहे. टायटल कंपनी दोन्हीपैकी काय घेते ते आधी विचारा, नाहीतर दादांची कोल्हापूर-मुंबई फेरी फुकट जाईल.

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये प्लेनोला राहतो. घर मुलींना मिळावं म्हणून ट्रान्सफर ऑन डेथ डीड (आमच्या मृत्यूनंतर मालकी देणारी) केली, नोटरी करून लॉकरमध्ये ठेवलीय. पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही हो, अजिबात नाही. वर म्हटलं की रेकॉर्डिंग जगासाठी असतं, ही डीड मात्र त्याला अपवाद. टेक्सासमध्ये ती २०१५ पासून करता येते, पण तुमच्या हयातीत काउंटी क्लर्ककडे रेकॉर्ड झाली नाही तर तिला काहीच अर्थ नाही, मग नोटरी कितीही पक्की असो. कॅलिफोर्नियात तर नोटरीपासून ६० दिवसांतच नोंद लागते. एकदा नोंदली म्हणजे हात बांधले गेले असंही नाही, मन बदललं तर रद्द करता येते, फक्त रद्द केल्याचा कागदही रेकॉर्ड करावा लागतो, मृत्युपत्रात लिहून ती रद्द होत नाही. याच आठवड्यात लॉकरमधून काढा, मॅकिनीला कॉलिन काउंटी क्लर्कच्या ऑफिसात जा आणि पावतीवरचा नंबर दोन्ही मुलींना पाठवून द्या.