नागपुरात किरायाने फ्लॅट हवाय, दोन घरं हातची गेली. काय तयारी ठेवावी?

मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या पट्ट्यात, नोकरी लागलीय, दोन आठवड्यांत रुजू व्हायचंय, आणि आवडलेले दोन्ही फ्लॅट "उद्या कळवतो" म्हणेपर्यंत दुसऱ्यांनी घेतले, असं तुम्ही लिहिलंय. माझंही सुरुवातीला अस्संच झालं होतं. यवतमाळहून आल्यापासून नऊ वर्षांत चार घरं बदलली, पण अक्कल आली ती मावशीमुळे. मावशी त्रिमूर्ती नगरात खाली राहते आणि वरचा मजला किरायाने देते. किरायेदार बदलायचा झाला की आठवडाभर तिच्या समोरच्या खोलीत मुलाखती चालतात, आणि चहा आणून द्यायला मी असतो.

नागपुरात बरेच मालक त्याच घरात खाली राहतात. फ्लॅट स्कीममधला मालक पुण्यात असला तरी त्याचा कुणी मेव्हणा शेजारच्या लेआउटमध्ये निघतोच. त्यांना पाचशे रुपये कमीजास्त होण्यापेक्षा डोक्यावर कोण येऊन राहणार याची धास्ती जास्त. मावशीचे प्रश्न ठरलेले आहेत: गाव कोणतं, नोकरी कुठे, किती जण राहणार, गाड्या किती, किती वर्षं थांबणार, आणि हो, खाणंपिणं. शेवटचा प्रश्न मला पटत नाही, पण विचारतात. खोटं सांगू नका, बाप्पा. जिन्यात फोडणीचा वास लपत नाही.

मागच्या वेळी एक मुलगा आला. घर पाहिलं, नळ सोडून पाहिले, आणि एक फाइल मावशीच्या हातात दिली. तिच्यात आधार-पॅनच्या झेरॉक्स, कंपनीचं नियुक्तिपत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, दोन फोटो आणि आधीच्या मालकाचा नंबर. मावशीने तिथल्या तिथे त्या मालकाला फोन लावला, दोन मिनिटं बोलली आणि म्हणाली, "कधी येतोस?" त्याच्या आधी येऊन गेलेलं जोडपं हजार रुपये जास्त द्यायला तयार होतं. ते "घरी विचारून सांगतो" म्हणून गेले होते, उत्तर अजून यायचंच होतं.

तेव्हा घरी जे विचारायचं ते घर पाहायला निघण्याआधी विचारा. जास्तीत जास्त किराया किती, त्यात मेंटेनन्स धरलाय का, डिपॉझिटचे पैसे आज खात्यात आहेत का, सोबत राहणारा नक्की येतोय का. तुमची पहिली नोकरी असेल तर आधीचा मालक कुठून आणणार? मग वडिलांचं बोलणं करून द्या, उपयोग होतो. झेरॉक्सवर "फक्त किराया करारासाठी" असं तारखेसह आडवं लिहा, आणि नुसतं दाखवायला आधारचे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत पुरते.

आता तुम्ही काय पाहायचं. नागपुरात पहिली गोष्ट ऊन. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश होतं. वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत असेल तर स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला राहतो, म्हणून घर दुपारी चारला पाहा, सकाळी नाही. कूलर कोणत्या खिडकीत बसेल आणि तिथपर्यंत पाणी कसं पोचेल हे विचारा. दुसरं पाणी. नळ किती वाजता येतो, टाकी सगळ्यांची एक की वेगळी, बोअर उन्हाळ्यात टिकते का. मिहान जवळ म्हणून बेसा-बेलतरोडीकडे पाहत असाल तर हे मालकाला नको, शेजारणीला विचारा. वर्धा रोडवर मेट्रोच्या जवळ मिळालं तर मिहानजवळच्या खापरी स्टेशनपर्यंत मेट्रोत बसून जाता येतं, पण स्टेशनपासून तुमच्या ऑफिसपर्यंतचा शेवटचा टप्पा एकदा स्वतः जाऊन पाहा.

आणि तळमजला असेल तर 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे इथे किती पाणी होतं, हा प्रश्न बिनधास्त टाका. अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये लोकांच्या घरात पाणी शिरलं होतं. नाग नदीच्या काठच्या वस्तीत भिंतीवरची ओलीची रेघ ताज्या रंगाखालीही कळते.

करारात लोक सगळ्यात जास्त गाफील राहतात. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे" हे तुम्हाला दहा जण सांगतील. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, नोंदणी करावीच लागते आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल किरायेदाराचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकावर येतं. मालकाला हे धमकीसारखं ऐकवू नका, "तुमच्याच फायद्याचं आहे" म्हणून सांगा. खर्चही फार नाही. चौदा हजार किराया, अठ्ठावीस हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर 0.25 टक्क्याने मुद्रांक शुल्क चारशेच्या आसपास होतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, वर एजंटचे पैसे. तो घरी मशीन आणून अंगठे घेतो. हा खर्च कोणी करायचा ते ॲडव्हान्स देण्याआधी ठरवा. पोलिसांकडे किरायेदाराची माहिती द्यायचंही तेव्हाच बोलून घ्या.

वर्षाचा किराया एक लाखाच्या वर जात असेल तर एचआरएच्या (घरभाडे भत्त्याच्या) करसवलतीसाठी मालकाचा पॅन लागतो. हे मार्चमध्ये मागितलं की तोंडं वाकडी होतात. आधीच सांगा. ॲडव्हान्स देण्याआधी लाइट बिल किंवा घरटॅक्सची पावती पाहून नाव जुळतंय का तेही बघा. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, कोड स्कॅन करून टोकन पाठवा, चावी कुरिअरने येईल" असा फोन आला तर तो कापा.

माझे स्वतःचे आठ हजार एका मालकाने कापले, भिंतीला ओल माझ्यामुळे आली म्हणून. ओल मी यायच्या आधीचीच होती, पण फोटो एकही नव्हता. आता चावी हातात आली की सामान आत नेण्याआधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढतो, मीटरच्या रीडिंगचा फोटो घेतो आणि दोन्ही मालकाच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. "पाहून घ्या काका," एवढंच लिहितो. जुनं महावितरणचं बिल थकलेलं नाही ना, तेही त्याच दिवशी.

आणखी एक. खिडकीला आधीच्या किरायेदाराचा कूलरचा लोखंडी स्टँड असेल आणि तो काढून न्यायला निघाला असेल, तर चारपाचशे देऊन ठेवून घ्या. एप्रिलमध्ये वेल्डिंगवाला फोन उचलत नाही.