प्रोस्टेटला (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) सूज आहे, पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारं, रक्तात तपासलं जाणारं प्रथिन) वाढलाय; कॅन्सर असेल का? मूल होईल ना?
भाऊ, सूज म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधी मनात पक्कं करा. नुसत्या सुजेनेही पीएसए वाढतो. म्हणून उपचारानंतर 6 ते 8 आठवड्यांनी तो पुन्हा तपासतात. जुनाट सुजेचा कॅन्सरशी संबंध काही संशोधनात दिसतो, पण सुजेमुळेच तो होतो हे सिद्ध झालेलं नाही.

मुलाचं म्हणाल तर वीर्यातला काही द्रव प्रोस्टेटमधूनच येतो. तिथे सूज असली की पांढऱ्या पेशी वाढून शुक्राणूंची हालचाल मंदावू शकते. वीर्याच्या रिपोर्टमध्ये मिलीलिटरला 10 लाखांवर पांढऱ्या पेशी दिसल्या, तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेवढा धीर धरा.

थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.