नेब्युलायझरची मोटर तर फक्त हवा सोडते, मग औषध वर कसं चढतं? मोठी मोटर घेतली तर वाफ जास्त येईल का?

मोटर औषध ढकलत नाही, औषध ओढलं जातं. कपाच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढ्या भोकातून हवा सुसाट निघते, वेग वाढला की तिथलं प्रेशर पडतं, मग बाजूच्या फटीतून औषध वर येऊन त्या हवेत फुटतं. बर्नुलीने १७३८ मध्ये हे लिहिलं आणि आमच्या चोपड्याकडे केळीच्या शेतात ते रोज चालतं, ठिबकला खत सोडायची व्हेंचुरी म्हणजे तेच.

गेल्या हिवाळ्यात आप्पांना रात्री अकराला दम लागला. मशीन लावलं तर आवाज नेहमीचा, हवा येतेय, पण वाफ नाही, कपात औषध जसंच्या तसं. दादा म्हणे मोटर वीक झाली, सकाळी मोठी आणू. मेडिकलवाल्याला फोन केला तर तोही तेच म्हणाला. मी कप उघडून पाहिला तर त्या भोकावर बसते ती छोटी टोपीच नाही! आईने संध्याकाळी कप धुतला होता, टोपी मोरीत साबणाच्या डबीखाली सापडली. बसवली आणि लगेच धुकं. टोपी नसली की औषधाला चढायला फटच राहत नाही, हवा नुसती निघून जाते. दम जरा बसल्यावर आप्पांनी कप हातात घेऊन निरखून पाहिला, म्हणाले, "हाई ते आपली व्हेंचुरी शे!"

दादाला मात्र अजून पटत नाही. त्याचं एकच, प्रेशर जास्त तर ओढ जास्त. पण नुसतं प्रेशर पुरत नाही, ते अरुंद जागेतून वेगाने जावं लागतं. शेतातही तो व्हेंचुरीच्या बाजूचा मेन लाईनचा कॉक पूर्ण उघडा ठेवतो, मोटर साडेसात एचपीची, पाणी धो धो, तरी ड्रममधलं १९:१९:१९ खत हलत नाही, कारण व्हेंचुरीच्या दोन्ही तोंडांना प्रेशर जवळपास सारखंच, मधल्या अरुंद गळ्यातून पाणी वेगाने जाणार कशाने?

आता मोटरचं, हवा वाढली तर थेंब बारीक होतात आणि औषध लवकर संपतं हे खरंय. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंबच छातीत खोल जातात, मोठे आत आपटून परत कपात पडतात. पण आधी टोपी, नळी, फिल्टर बघा. जाळीवाल्या छोट्या मशीनला हे लागू नाही, त्यात हवेचा झोतच नसतो. आणि पेशंटला धाप वाढत असेल तर मशीन खोलत बसू नका, दवाखाना गाठा.

दादा, वाचत असशील तर उद्या कॉक अर्धा बंद कर आणि ड्रमच्या नळीवर बोट ठेवून बघ.