वाद्यांची विचारपूस : व्हॅमी सोडली तरी सूर जागेवर येत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मालवणचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतो. स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) धाटणीची एक सेकंडहँड गिटार घेतली आहे. व्हॅमी (सूर खालीवर करायची ब्रिजवरची दांडी) एकदा दाबली की दुसरी आणि तिसरी तार बिघडते. ट्यूनिंग टिकेल म्हणून तारांचा 9 नंबरचा सेट काढून त्याहून जाड 10 नंबरचा टाकला, तर जास्तच बिघडलं आणि ब्रिजही (गिटारीच्या अंगावर तारा जिथे अडकवतात तो भाग) मागून वर आला. दुकानदार म्हणतात खुंट्या बदल, मित्र म्हणतात तारा दोन्ही टोकांना आवळणारी फ्लॉइड रोझ व्हॅमी असलेली घे. गणपतीत कार्यक्रम आहेत. काय करू?

उत्तर : खुंट्यांवर आत्ता एक रुपयाही घालू नकोस. आधी तिसरी तार ट्यूनरवर बरोबर लाव, व्हॅमी पूर्ण खाली दाबून सोड आणि गिटारीला हात न लावता ट्यूनर बघ. सूर चढलेला दिसतोय? मग तार नटात, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत, अडकतेय. खुंटी सरकत असती तर सूर उतरला असता, चढला नसता. आता तीच तार जोरात बेंड करून (बोटाने बाजूला ताणून) सोड, सूर खाली येईल. बिघाड कुठल्या बाजूला होतो ते न बघताच लोक खुंटी पिळत बसतात आणि दर गाण्यानंतर पुन्हा पिळतात.

हे का होतं ते सांगते. व्हॅमी दाबलीस की नटापासून ब्रिजपर्यंतची तार सैल पडते, पण नट आणि खुंटी यांच्यामधल्या तुकड्यात ताण तसाच असतो. तो तुकडा थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो. व्हॅमी सोडल्यावर ती परत यायला हवी. खाच घट्ट असली की ती तिकडेच राहते आणि सूर चढा लागतो. बेंडमध्ये नेमकं उलट घडतं. म्हणून स्टेजवर व्हॅमीनंतर सूर चढा वाटला तर ती तार एकदा बेंड करून सोड, आणि बेंडनंतर उतरला तर व्हॅमीला हलकासा दाब दे. वेळ निभावते.

तुझ्या गिटारीच्या खाचा बहुतेक 9 नंबरच्या मापाच्या आहेत, त्यात तू जाड तारा बसवल्यास. खुंटी फिरवताना ‘टिक’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का, ते ऐक. येत असेल तर तार बाजूला काढ, खाच कोरड्या टूथब्रशने साफ कर आणि 6B पेन्सिलीचं टोक खाचेत घासून शिसं भर. गिटारीच्या डोक्यावर तारा दाबून धरणाऱ्या छोट्या क्लिपांखालीही तेच कर. तरीही ‘टिक’ गेलं नाही तर खाच रुंद करावी लागेल, तीही फक्त बाजूंनी. तळ घासला गेला तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या कांबीवर) झणझणते आणि नटच बदलावा लागतो. हे काम जाणत्याकडून करून घे.

आता ब्रिज. लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1954 साली स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हापासूनची ही रचना आहे : पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात आणि ब्रिज तराजूसारखा मध्ये तोलला जातो. 9 नंबरच्या सेटचा (तारांची जाडी 9 ते 42 हजारांश इंच) एकूण ताण जवळपास 38 किलो, 10 नंबरच्या सेटचा (10 ते 46) जवळपास 47 किलो. तू तारांच्या बाजूला आठ-नऊ किलो वाढवलेस आणि स्प्रिंगा होत्या तशाच ठेवल्यास. मग ब्रिज उचलला जाणारच. मागचं झाकण उघड. स्प्रिंगा अडकवलेल्या लोखंडी पट्टीला दोन लांब स्क्रू दिसतील. तारा थोड्या उतरवून दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळ, पुन्हा ट्यून कर, बघ, पुन्हा आवळ. ब्रिज तरंगता ठेवायचा असेल तर मागच्या कडेखाली साधारण 3 मिलिमीटर फट राहू दे.

तुझ्यासारख्या स्टेजवर वाजवणाऱ्याला मात्र मी ब्रिज लाकडाला टेकवूनच ठेवायला सांगेन. पाचही स्प्रिंगा लाव आणि कड लाकडावर बसेपर्यंत आवळ. व्हॅमी वर ओढता येणार नाही, फक्त खाली दाबता येईल. पण गाण्यात तार तुटली तर बाकीच्या पाच चढणार नाहीत. तरंगत्या ब्रिजवर त्या चढतातच. व्हॅमी काढूनच टाका, असं सांगणारेही भेटतील. मला ते अजिबात पटत नाही. त्या दांडीवर अलगद बोट ठेवून लांबवलेल्या सुराला जो कंप मिळतो, तो डाव्या हाताने तसा निघत नाही.

आणि मालवणात राहतोस म्हणून हे खास. ब्रिजच्या पुढच्या कडेचे सहा स्क्रू बघ. खाऱ्या हवेने त्यांच्या मानेवर तांबूस खरवड धरते आणि ब्रिज तिथेच अडतो, मग नट कितीही साफ असला तरी सूर परत येत नाही. तारा आणि स्प्रिंगा सोडवून स्क्रू एकेक करून काढ, पितळी ब्रशने घास आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लाव. बसवताना सहाही आधी दीडेक मिलिमीटर वर ठेव, मग फक्त कडेचे दोन ब्रिजच्या पट्टीला टेकेपर्यंत खाली घे. ब्रिज त्या दोघांवरच हलू दे. खोबरेल तेल मात्र नको! आपल्याकडे बिजागरीपासून कुलपापर्यंत तेच घालायची सवय आहे, पण थंडीत ते थिजतं आणि त्यावर धूळ बसून चिकट थर होतो.

खुंटीवर बारीक तारांना दोन-तीन वेढे पुरेत. सूर नेहमी खालून वर आणून लाव. वर गेला तर पुन्हा खाली उतरवून वर ये.

फ्लॉइड रोझमध्ये तार नटावर आणि ब्रिजवर अशी दोन्हीकडे आवळलेली असते, म्हणून नटातली अडचण उरत नाही. पण तार बदलायला ॲलन की घेऊन बसावं लागतं, आणि ब्रिज ज्या धारेवर डोलतो ती गंजली की तिथेही सूर परत येत नाही. आधी हीच गिटार नीट लाव.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या तारा महिन्याभरात काळ्या पडतात. घर समुद्राला लागून आहे. कोटेड (पातळ लेप दिलेल्या) तारा घ्याव्यात का? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : घ्या. महाग असतात, पण तुमच्याकडे त्या पैसे वसूल करतील. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसा, कारण घाम खालच्या बाजूला राहतो. गिटार समुद्राकडच्या भिंतीवर टांगू नका. बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला.